मागची दोन भोकं

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला भंगार म्हटलं गेलं. तोवर मी गप्प होतो. आता बोलणार.

मी बास गिटारचा अँप्लिफायर. गिटारचा जाड, खालचा आवाज मोठा करायचा, हे माझं काम. कारखान्यातून निघालो तो एका शाळेच्या सभागृहात गेलो. तिथे लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायचे आणि डाग पडले की मलाच नावं ठेवायचे. मग माझ्या वादकानं मला घरी आणलं. आता स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी असतो. पुढचं कापड फाटलंय. आवाज नाही फाटलेला.

त्या दिवशी बँडच्या मास्तरांनी बजावलं होतं, "एकच्या आत वाजवून, रेकॉर्ड करून पाठव. नाहीतर दुसरा बघतो." दोन वर्षं वादक बँडमधल्या या जागेची वाट बघत होता.

वादकाचा धाकटा भाऊ नवा डिजिटल रेकॉर्डर घेऊन आला. साबणाच्या वडीएवढा! त्यानं तो माझ्यासमोर ठेवला. वादक वाजवू लागला. ऐकून बघितलं तर कुकरची शिट्टी, फ्रीजची घरघर आणि वादकाच्या लेकीचं, छकुलीचं रडणं. माझा आवाज सगळ्यांच्या मागे.

"वहिनी, हे धूड भंगारात द्या," भाऊ वादकाच्या बायकोला म्हणाला.

मी घरघरलो नव्हतो. कुकरला कुणी बोललं का?

"वायर लावून बघू," वादक म्हणाला. माझ्या मागे दोन भोकं आहेत, दिसायला सारखी; शेजारची इंग्रजी अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. एकातून स्पीकरसाठी दणकट आवाज निघतो, दुसऱ्यातून रेकॉर्डरला झेपेल असा हलका. महिन्यापूर्वी दुरुस्तीवाल्यानं समजावलं, तेव्हा वादकाच्या बायकोनं हलक्या भोकावर पट्टी चिकटवून 'रे' लिहिलं होतं. भावानं 'रे' बघून वायर पुढे केली.

"भावजी, थांबा!"

"वहिनी, रे म्हणजे रेकॉर्डर. तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. पण काल छकुलीनं पट्टी उपटली होती. अहो, परत कुणी लावली?"

वादक मान खाजवत म्हणाला, "मी. अंदाजानं."

"अंदाजानं! ती वडी जळली तर काय पाठवणार?"

"वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" भाऊ हसला.

"इंग्रजी नाही कळत. चिकट कळतं." तिनं पट्टी काढली, दोन्ही भोकांभोवती बोट फिरवलं. "ह्याला नुसती धूळ. आणि ह्याला महिन्याभराचा डिंक. माझी पट्टी इथे होती."

वायर डिंकाच्या भोकात गेली. वादकानं सूर छेडला आणि मी माझं सगळं त्या वडीच्या कानात ओतलं. ना कुकर, ना फ्रीज. मनासारखं होईपर्यंत वादकानं पुन्हा पुन्हा वाजवलं; रेकॉर्डिंग गेलं तेव्हा एकाला पाच कमी होते.

मास्तरांचा फोन आला. "अरे, हा आवाज कुठून आणलास? सोमवारपासून ये."

बायको डोळे पुसत हसली. भाऊ मला हळूच म्हणाला, "सॉरी बरं का, आजोबा."

आजोबा म्हण, चालेल. भंगार म्हणायचं नाही. फाटक्या कापडासकट मी इथेच उभा राहणार आणि वाजणार.

तुमच्या ओळखीत कुणी माझ्यासारख्याला बाहेर काढायला निघालं असेल, तर एवढा निरोप पोचवा: आधी त्याच्या मागे जा आणि वायर कुठे लावलीय ते बघा.