बारा गेले, बारा आले

दोन माणसं दोन याद्या घेऊन तुमच्यापुढे उभी राहिली, तर तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? घाई नाही. विचार करा, तोवर माझी गोष्ट सांगते.

मी तुलना बोलतेय. प्रोग्राममधली एक मेथड, म्हणजे नेमून दिलेलं एकच काम करणाऱ्या नऊ ओळी. मला दोन बहिणी आहेत. 'एकत्र' दोन याद्यांची एक करते आणि दोनदा आलेलं नाव एकदाच ठेवते. 'सामाईक' दोन्हींत असलेली नावं तेवढी काढते. आम्ही तिघी 'यादीमदत' नावाच्या क्लासमध्ये, म्हणजे मेथडींच्या एका घरात, राहतो. हातात याद्या द्या, उत्तर घ्या. तुमच्या याद्यांना आम्ही धक्का लावत नाही. काम झालं की विसरून जातो. ही एक गोष्ट तेवढी विसरले नाही.

मला लिहिलं देवबागच्या धनेशने. किनाऱ्यावर कोकम सरबताचं दुकान आणि पर्यटकांसाठी एक होडी, एवढा त्याचा पसारा. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा तो मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकला. बायको भार्गवी म्हणायची, "ह्येत मासे गावतले काय?"

"मासे नाय, माणसां गावतली," तो म्हणायचा.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. धनेश माणसं तिथे सोडतो आणि तासाभराने आणतो. जाणाऱ्यांची नावं भार्गवी लिहून घेते, परतलेल्यांची पुन्हा लिहिते. दोन्ही याद्या माझ्यापुढे येतात. सगळे आले का, एवढंच मी सांगायचं.

पण मला घडवताना धनेशने वडिलांची सवय माझ्यात उतरवली. हरिश्चंद्र जन्मभर होडीतली डोकी मोजत आले. पहिल्याला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. आकडा जुळला की होडी सुटली. मीही तेच करू लागले. संख्या सारखी, तर याद्या सारख्या.

डिसेंबरातल्या एका दुपारी बारा गेले. बारा आले. मी बेधडक सांगितलं, याद्या सारख्या आहेत.

आमच्याकडे होडीत चढताना चपला भार्गवीच्या बाकाखाली काढून ठेवतात. त्या दुपारी एक उंच गृहस्थ अनवाणी उभे राहिले. "ताई, माझे बूट?" ते गेले होते दुसऱ्याच होडीतून, येताना आमच्या होडीत बसले. आणि बाकाखाली निळ्या चपलांचा एक जोड उरला होता.

"अवो, ह्या चपलांचा माणूस खंय आसा?" भार्गवीने विचारलं.

धनेशने पाण्याकडे बघितलं. भरती लागली होती. तो होडीकडे पळाला.

पट्ट्याच्या टोकाला कसालच्या निवृत्त शिक्षिका सुभद्राबाई उभ्या होत्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. "माका वाटला, तुमी चाय पिऊक गेलास," त्या हसून म्हणाल्या. पण पदरात वेचलेले शिंपले केव्हा गळून पडले, ते त्यांना कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धनेशने होडी सोडली नाही. हरिश्चंद्र दुकानाच्या पायरीवरून म्हणाले, "चपलांका जमला ता तुझ्या मशिनीक जमाक नाय." धनेशने मान खाली घालून मला पुसून टाकलं आणि नव्याने लिहिलं. आता मी नावाला नाव लावून बघते, तेही दोन्ही बाजूंनी. गेलं पण आलं नाही ते कोण? आलं पण गेलंच नव्हतं ते कोण?

माझं नाव झालं. शेजारच्या होडीवाल्यांनीही मला मागून नेलं. तिथल्या तिकीट खिडकीवर नावं लिहायला महादू बसतो. माणूस चांगला, पण गर्दी झाली की वैतागतो. गेल्या रविवारी त्याने जाण्याची यादीच उचलून परतीच्या जागी चिकटवली. नावं चढल्याच क्रमाने, चुकाही त्याच. माणसं कधी चढल्याच क्रमाने उतरतात का? पण क्रम बघायला मला कोणी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, सगळे आले. त्या दिवशी खरोखर आले होते, म्हणून निभावलं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर ऐका. विश्वास माझ्यावरसुद्धा ठेवू नका. खोटी यादी दिलीत, तरी मी तितक्याच खात्रीने सांगेन की सगळे परतले. ज्याने उतरणाऱ्याचं तोंड बघून नाव लिहिलं, त्याच्यावर ठेवा.

आणि खिडकीवर तुम्ही बसलात, तर तेवढा हिशेब खरा ठेवा. पट्ट्यावर कोणीतरी शिंपले वेचत असेल.