शिंपीकाकांचं पहिलं वाक्य

गल्लीतल्या नाट्यमंडळात शिंपीकाका बावीस वर्षं विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करत होते. मंडळात पाठांतराची पद्धत नव्हती, काका होते. नट रंग लावून यायचे आणि कानावर पडेल ते बोलायचे. काकूंनी एकही प्रयोग चुकवला नव्हता, पण त्यात नवरा काही कधी दिसला नव्हता.

यंदा न्यायाधीश होणाऱ्या पोस्टमास्तरांचा पाय मोडला. अख्खं नाटक फक्त काकांना पाठ, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. काळा कोट त्यांनी स्वतःच शिवला. आज तरी लोकांना आपला आवाज ऐकू जावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पडदा उघडला. खुर्चीत बसल्या बसल्या काका सवयीने सगळ्यांची वाक्यं कुजबुजू लागले आणि प्रयोग झकास रंगला. मग त्यांचं स्वतःचं वाक्य आलं. तेही त्यांनी इमानेइतबारे कुजबुजलं आणि कोणीतरी ते म्हणेल म्हणून वाट पाहत बसले.

शेवटी नायिका ओठ न हलवता पुटपुटली, "काका, तुमचंच वाक्य आहे."

"माझं?"

"अहो, बोला की मोठ्यानं!" पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या. "घरी बरा आवाज फुटतो!"

काका ताडकन उठले. "आरोपीला हजर करा!" ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले, की आरोपी खरोखरच घाबरत आला आणि कोणी न सांगता आपलं वाक्य बोलून गेला. ते आपल्याला पाठ आहे, याची त्यालाही कल्पना नव्हती.