पट्टा सोडलेली पेटी

कामठ्याच्या कन्हैयालालला धानातलं सगळं कळतं, कुणालाही विचारा. न विचारता तो स्वतःच सांगेल. रोवणी करताना मध्ये मध्ये मोकळा पट्टा सोडावा, हवा खेळते, रोग येत नाही, हे त्याचं ठरलेलं भाषण. आता हे ज्ञान त्यानं धानापुरतं ठेवलं असतं तर काही बिघडलं असतं का? पण नाही!

सून रविता भाऊबीजेला माहेरी गेली होती. परसात तिची मधमाश्यांची पेटी. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात हट्टानं मागितलेली ही एकच वस्तू. कन्हैयालालनं सहज म्हणून झाकण उचललं. आत लाकडी चौकटी एकमेकींना खेटून उभ्या, पोळ्यांवर माश्यांची ही गर्दी. "जीव गुदमरून राहिला बिचाऱ्यांचा," म्हणत त्यानं मधल्या दोन रिकाम्या चौकटी उपसल्या, धानाच्या पोत्यांमागे टाकल्या आणि मोठं पुण्य केल्यासारखा जेवायला बसला.

सोडलेला पट्टा धान रिकामाच ठेवतं. माशी नाही ठेवत. मोकळी जागा दिसली की ती लगेच बांधकाम काढते.

पंधरवड्यानं रविता परतली, झाकण उघडलं आणि मटकन खाली बसली. पोळी वाकडीतिकडी वाढून एकमेकांत घुसली होती. एक चौकट उचलावी तर शेजारचं पोळं फाटायला लागे.

"राणी कुठं असंल आता यात? कापताना चिरडली का संपलं सगळं," ती म्हणाली. "मीच चौकटी कमी लावल्या असतील. मायाच हाताले गुण नाही. ज्याले पाह्यजे त्यानं न्यावी पेटी."

कन्हैयालालनं तोंडातली सुपारी थुंकली. गप्प बसला असता तर खपूनही गेलं असतं. पण पोर रडत होती, तीही स्वतःलाच दोष देऊन, आणि ते काही त्याला बघवेना. उठला, पोत्यांमागून दोन्ही चौकटी आणल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"मीच काढल्या. हवा लागावी म्हून."

सासऱ्याला उलट बोलायची रीत त्या घरात नव्हती. रवितानं डोळे पुसले, जाळीची टोपी चढवली आणि म्हणाली, "धरा."

सुनेचा हुकूम त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकला, तोही निमूटपणे. ती पातळ सुरीनं पोळ्यांचे जोड सोडवायची, मधाचा तुकडा शेजारच्या पितळी गंजात टाकायची, पिलांचा तुकडा त्याच्या हातातल्या चौकटीत सरळ बसवून केळीच्या सोपटाच्या धाग्यानं बांधायची. पुढे माश्याच तो मेणानं पक्का चिकटवतात. प्रत्येक तुकडा ती दोन्ही बाजूंनी निरखून बघायची. जोड संपत आले, राणी काही दिसेना. कन्हैयालालनं हळूच विचारलं,

"रागावली का, बेटी?"

"रागावली तं हाये. खूप रागावली." ती बोलता बोलता थबकली आणि खाली वाकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आता हलू नका, बाबूजी. राणी तुमच्याच हातातल्या चौकटीवर हाये."

तेवढ्यात एक माशी त्याच्या कानाच्या पाळीवर बसली आणि तिनं कडकडून डंख मारला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कन्हैयालाल हलला नाही.