तोफखाना गप्प झाला

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींना उत्तरं लिहिणारा एक विभाग होता. तिथल्या एका कारकुनाला सगळे तोफखाना म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. तो कीबोर्डवर बसला की खाली जिना चढणाऱ्याला कळायचं, कचेरी उघडली. तो बोटं अशी आपटायचा की शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या कपातला चहा डुचमळायचा. त्या बाईंचं टायपिंग अगदी मुकं होतं, म्हणून त्यांना सगळे मुंगीबाई म्हणत.

तोफखाना कामचुकार मात्र नव्हता. सकाळी एकदा बसला की थेट जेवायच्या सुट्टीलाच मान वर करायचा. पण जिथे दोन ओळींत भागलं असतं तिथे त्याला दोन पानं लागायची. नळाला पाणी येत नाही अशी तक्रार आली की तो विभागाच्या स्थापनेपासून सुरुवात करायचा, मग त्यातलं निम्मं खोडायचा आणि पुन्हा लिहायचा. खोडायची कळही तेवढ्याच जोरात हाणायचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला लिहिणं कुठलं आणि खोडणं कुठलं, हे कळायची सोय नव्हती. केबिनमधल्या साहेबांनाही नव्हती. केबिनची काच धुरकट होती आणि साहेब कानांनीच कारभार बघत. वर्षाच्या शेवटी ते त्याच्याबद्दल एकच शब्द लिहीत: अथक.

मग वरून हुकूम आला. कीबोर्ड जमा करायचे, प्रत्येकाला टॅब आणि त्याबरोबर काचेवर लिहायचं पेन मिळणार. शिकवायला एक बाई आल्या. बोट नुसतं टेकवायचं, असं त्यांनी सांगितलं. तोफखान्याने टेकवलं आणि काचेला तडा गेला. दुसरा टॅब त्याला बाईंनी जरा हात आखडतच दिला.

बोटं जाड, अक्षरं बारीक. एकावर बोट ठेवलं की तीन उमटायची आणि टॅब आपल्या मनाने शब्द जुळवायचा. वर काय उमटलंय ते बघायची तोफखान्याला सवयच नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका घरमालकाला त्याचं उत्तर गेलं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलदार आहोत.’ त्याने लिहिलं होतं दिलगीर. घरमालकाने उलट कळवलं की आपण दिलदार आहात हे वाचून बरं वाटलं, तेव्हा थोडं पाणी सोडावं. ते पत्र सगळ्या विभागात फिरलं, आणि तोफखाना त्या दिवशी जेवायला डबा घेऊन गच्चीवर गेला.

पण त्याहून मोठं संकट शांततेचं होतं. कचेरीत इतकी शांतता झाली की पंख्याचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं. साहेबांना चैन पडेना. ते सारखे बाहेर येऊन बघायचे. सगळे खाली मान घालून काचेवर बोटं फिरवत बसलेले. कोण उत्तर लिहितंय आणि कोण पत्ते खेळतंय, देव जाणे. तोफखान्यापाशी येऊन साहेब दोनदा थांबले आणि तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी हळूच विचारलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

घरी तो जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसला. बायको शिवणकाम करायची. तिचं मशीन पुढच्या खोलीत दिवसभर चालायचं. तिने त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, कुणाला आता माझी किंमत नाही इथपर्यंत. मग म्हणाली, “अहो, माझं मशीन वाजलं की शेवटी एक तरी कपडा हातात येतो. तुमचं इतकी वर्षं वाजलं, त्यातून काय आलं?”

ताटावरची त्याची बोटं थांबली.

दुसऱ्या दिवशी मुंगीबाईंनाच त्याची दया आली. टॅबमध्ये कळा दाबल्याचा आवाज सुरू करता येतो, हे त्यांनी त्याला दाखवलं. तोफखान्याने आवाज शेवटपर्यंत चढवला. टक, टक, टक सुरू झालं, आणि केबिनमधून साहेबांचा खुललेला चेहरा डोकावून गेला. झालं. ते सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत अख्खा विभाग वाजायला लागला. कुणी लाकडी आवाज लावला, कुणी लोखंडी. एकाने तर नुसता आवाजच काढणारं ॲप शोधून काढलं. ते एकदा सुरू केलं की आपोआप वाजत राहायचं, मध्ये श्वास घेतल्यासारखं थांबायचं आणि पुन्हा वाजायचं. टॅब टेबलावर वाजत ठेवून लोक चहाला, बँकेत, मुलांना शाळेतून आणायला जायला लागले. साहेबांनी बैठकीत सांगितलं की विभागाने कात टाकली.

तोफखान्याला हे सहन होईना. त्याच्या बोटांत रक्त उतरायचं तेव्हा कुठे तो आवाज निघायचा, आणि आता कुणीही उठून अथक व्हायला लागलं होतं. एका सकाळी त्याने आपल्या टॅबचा आवाज पार बंद केला आणि पेन उचललं.

पेनाने काचेवर लिहिणं म्हणजे शिक्षाच होती. अक्षर घसरायचं, मनगट भरून यायचं, आणि सही सोडून हाताने काही लिहिल्याला जमाना झाला होता. दोन पानं लिहायची सोयच उरली नाही. म्हणून तो दोनच ओळी लिहायला लागला. त्याही जिवावर आल्या की सरळ पाणी सोडणाऱ्या माणसालाच फोन करायचा, अमक्या गल्लीत काय झालंय ते बघा म्हणून सांगायचा, आणि उत्तरात लिहायचा, ‘उद्या पाणी येईल.’ बहुतेकदा यायचंही. त्याच्या टेबलावरचा तक्रारींचा ढीग उतरायला लागला. त्यामुळे काम संपत आलं की काय, अशी त्यालाच धास्ती वाटायची.

अशात संचालक मॅडम पाहणीला आल्या, आणि त्याही जेवायची सुट्टी संपून अर्धा तास झाल्यावर. त्या केबिनमध्ये बसल्या. बाहेर नुसता खडखडाट चालला होता. असं काम मी कुठल्याच कचेरीत ऐकलं नाही, असं त्या साहेबांना म्हणाल्या. साहेब फुलून गेले आणि त्यांना विभाग दाखवायला बाहेर घेऊन आले. एकही खुर्ची भरलेली नव्हती. टॅब मात्र जीव तोडून वाजत होते. कोपऱ्यात एकटा तोफखाना पेन धरून बसला होता. त्याच्याकडून हूं की चूं नाही.

मॅडमनी टेबलांमधून एक फेरी मारली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मग मॅडमनी तोफखान्याकडे बोट करून विचारलं, “यांचं का वाजत नाही?”

अहवालात विभागाची तारीफ आली. कर्मचारी जागेवर नसतानाही कामात खंड पडत नाही, ही पद्धत इतर कचेऱ्यांनीही उचलावी, अशी शिफारस होती. तोफखान्याला मात्र मेमो मिळाला: कामाच्या वेळेत शांत बसल्याबद्दल खुलासा करावा.

त्याने कागदावर हाताने एका ओळीत खुलासा लिहिला: ‘मी काम करत होतो.’ तो घेऊन साहेब स्वतः त्याच्या टेबलापाशी आले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. एवढ्याने भागणार नाही, थोडं वाढवा, असं म्हणाले. हात दुखतो, असं तोफखाना म्हणाला. साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आजूबाजूला टॅब वाजत होते.

“हे सगळं खोटं आहे ना?” साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

“माझं खरं होतं, साहेब.”

“ते मला माहीत आहे.” साहेबांनी सुस्कारा टाकला. “तुम्ही वाजवत होता तेव्हा मला आत दुपारी कसा छान डोळा लागायचा. हे मेले मध्येच थांबतात. थांबले की जाग येते.”

तोफखान्याने पेन खाली ठेवलं. कचेरीतल्या इतक्या वर्षांच्या त्या मेहनतीचा कुणाला तरी खरोखर उपयोग झाला होता, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. त्याचे डोळे पाणावले. मेमोचं मी बघतो, असं म्हणत साहेब उठले आणि जांभई देत केबिनमध्ये गेले.