कुंग कुंगला हरते

नात जन्मली तेव्हा बारकी, गुलाबी आणि अंगाचं मुटकुळं केलेली होती. वस्ताद थाविननं तिला ओंजळीत घेतलं आणि म्हणाला, "ही तर कोळंबी!" झालं. शाळेच्या दाखल्यावर भलं लांबलचक नाव असलं तरी सोंगखलाच्या बाजारात सगळे तिला कुंग म्हणूनच ओळखायला लागले. कुंग म्हणजे कोळंबी. आणि नशिबाला थट्टा सुचली ती अशी, की या कोळंबीला कोळंबीच सोसेना. एक कण पोटात गेला की ओठ सुजायचे, घसा आवळायचा.

आता आमच्या थाई भाषेत ॲलर्जी होणं आणि हरणं, दोन्हीला शब्द एकच. पोरीचं दुखणं सांगायचं तर 'ही कोळंबीपुढे हरते' असंच म्हणावं लागतं. आणि थाविन पडला मुष्टियोद्धा. रिंगणात काय, आखाड्यातल्या पोरांपुढे काय, त्यानं हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. जिथं तो चारीमुंड्या चीत झाला त्या लढतींचं नाव काढलं तरी म्हणायचा, "पंच आंधळे होते."

गेल्या वर्षी देवळाच्या जत्रेत त्यानं वडेवाल्याला सांगितलं, "पोरीला कोळंबी आवडत नाही हो." त्या भल्या माणसानं वड्यातल्या कोळंब्या वेचून काढल्या आणि उरलेला वडा प्रेमानं तिच्या हातात ठेवला. त्यानंतर दवाखान्यात काय झालं ते थाविन कुणाशी बोलत नाही. त्याच्या लेकीनं, राचनीनं, पोरीचं बाहेरचं खाणं बंद केलं आणि आजोबांबरोबर जाणंही.

पण कुंग सात वर्षांची झाली. वर्गातल्या सगळ्या पोरी रविवारी लमायमावशीच्या टपरीवर नूडलचं सूप प्यायच्या आणि हिच्या वाट्याला नुसता वास. तिनं आईच्या मागे टुमणं लावलं. शेवटी राचनीनं बापाच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. ॲलर्जीवाल्या पोरांचे आईबाप कुठं जेवले, काय झालं, ते त्यात लिहितात. लमायच्या टपरीबद्दल एका आईनं लिहिलं होतं, 'बाई ऐकून घेते. पण सगळं विचारा.' स्वयंपाक्याला दाखवायचं एक पानही ॲपमध्ये होतं.

"बाबा, हे पान दाखवायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही," राचनी म्हणाली. तिची नेमकी रविवारी कामावर पाळी होती. "आणि परत 'आवडत नाही' म्हणालात ना, तर पोरीला घेऊन जायची ही शेवटची वेळ. ॲलर्जी उठली तर टोचायचं इंजेक्शनचं पेन घेतलंत?"

"खिशात आहे."

"दाखवा."

त्यानं दाखवलं. ज्याच्या एका हाकेनं आखाडा ताठ व्हायचा तो माणूस लेकीपुढे खिसे उलटे करून उभा होता.

टपरी गच्च भरली होती. थाविननं मोबाइल लमायच्या नाकापुढे धरला. "मावशी, हे जरा वाचा."

"चष्मा घरी राहिला, वस्ताद. आणि हात बघा माझे. तुम्हीच वाचा की मोठ्यानं."

थाविननं अक्षरांकडे बघितलं. मग बाकांवरच्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे. त्यात आखाड्यातलीही दोघंतिघं होती.

"मी वाचू का आजोबा?" कुंगनं त्याचं बोट ओढलं.

"नको. मी वाचतो." तो खाकरला. "ही मुलगी... कुंग... कुंगला हरते."

"कोण कुणाला हरते?"

"कुंग! कुंगला!"

"दोन-दोन कुंग? मारामारी झाली की काय पोरींची?"

टपरी फिसकन हसली. मागून नेट नावाचा मासळीवाला ओरडला, "वस्ताद, तुमच्या तोंडून हा शब्द? थांबा थांबा, रेकॉर्ड करतो!"

थाविनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 'तिला आवडत नाही' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण दवाखान्यातला तो सुजलेला इवलासा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यानं आखाड्यातला आवाज लावला. "माझी नात कोळंबीपुढे हरते! एक कण गेला तरी तिचा श्वास अडकतो. ज्याला हसायचंय त्यानं आधी हे ऐकून मग हसावं."

कुणी हसलं नाही. लमायनं जाळ बारीक केला. "अगं बाई! पण माझ्याकडे कोळंबी नसतेच हो. बसा निवांत."

सुटलो, म्हणून थाविनचा पाय बाकाकडे वळलाही होता. पण पान संपलं नव्हतं आणि लेकीनं बजावलं होतं. "थांबा, अजून आहे. सोडे?"

लमायचा झारा हवेतच राहिला. "सोडे? ते रश्श्यात टाकते मूठभर, चवीला. त्याला कोण कोळंबी म्हणतं?"

"हिचा घसा म्हणतो. जवळ्याचं वाटण?"

"तिखटात आहे."

कुंगचा चेहरा पडला. "म्हणजे सूप नाही?"

"नाही कशाला?" लमाय हात धुवायला वळली. "संध्याकाळच्या पातेल्यात नुसती हाडं उकळतायत, मीठसुद्धा पडलेलं नाही. त्यातलं देते तुला, वेगळ्या भांड्यात, धुतलेल्या पळीनं. वस्ताद, तुम्ही इथं उभे राहून बघा. नाहीतर लेक तुमची सालटी काढेल."

थाविननं स्वतःसाठीही तेच मागवलं. कुंग सूप ओरपत होती आणि तो खिशात पेन घट्ट धरून तिच्या ओठांकडे बघत होता.

"आजोबा, असं टक लावून बघू नका ना. मला हसू येतं."

वाडगा रिकामा झाला. बराच वेळ गेला. ओठ तेलकट झाले होते, बाकी जसेच्या तसे. मग कुठं थाविननं स्वतःचं सूप तोंडाला लावलं. ते पार गार झालं होतं, पण त्याला ते फार गोड लागलं.

ॲपनं विचारलं, 'इथला अनुभव लिहा.' एक हात खिशातच ठेवून त्यानं दुसऱ्या हाताच्या जाडजूड बोटानं एकेक अक्षर दाबलं. 'रश्श्यात सोडे असतात. नुसत्या हाडांचं सूप मागा, बाई करून देते. इथं बिनधास्त हरा.'

लगेच फोन वाजला. राचनी. बहुतेक सकाळपासून ॲप उघडूनच बसली होती.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग काय नेट मासळीवाल्यानं?"

"कुंग कशी आहे?"

"दुसरा वाडगा मागतेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं," राचनी म्हणाली, "पुढच्या रविवारी कुठं नेणार तिला?"

थाविनचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्यानं खिशातला हात पहिल्यांदा पेनवरून काढला.