शून्याचा दगड

"चारशे अडतीस? अहो, सहाशे बारा आहे!" रंगाऱ्यानं विमानातल्या समोरच्या सीटवरच्या पडद्यावर बोट आपटलं. "मी स्वतः लिहिलंय."

खिडकीजवळच्या बाई दचकल्या. "कुठे लिहिलंय?"

"दगडांवर!"

थाप नव्हती ती. या दोन शहरांमधल्या रस्त्यावरचे मैलाचे दगड गडी एकतीस वर्षं रंगवत आला होता. आधी पांढरा हात, मग काळे आकडे.

"विमान सरळ जातं, काका. रस्ता वळणं घेतो."

"म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर किलोमीटर नुसती वळणंच?"

बाई हसल्या. याचं मात्र डोकं गरगरलं. इतकी वर्षं आपण काय वळणांनाच रंग फासला की काय?

बायको महिनाभर मुलीकडे होती, उपचारांसाठी. काल रात्री उशिरा डॉक्टरांनी अचानक ठरवलं, उद्या साडेदहाला ऑपरेशन. हृदयाचं. बसनं अकरा तास, त्यात रात्रीची शेवटची बस सुटून गेलेली, म्हणून मुलीनं सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. पंचावन्न मिनिटं फक्त! बायको आत जायच्या आधी तिला तोंड दाखवायचं होतं, बाकी काही नको होतं त्याला.

निघताना तिचा फोन आलाच. "कितव्या दगडाला आहात?"

तो कामावर असला की रोज हाच प्रश्न. आकडा ऐकला की तिला नवरा किती लांब आहे ते कळायचं. आणि "शून्याला आलो" म्हटलं की ती चहाचं आधण ठेवायची.

"अगं, विमानाच्या वाटेवर दगड कुठले?"

"मग मला कसं कळायचं?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

साडेआठला विमान उतरलं. तो खूश झाला, दोन तास हातात! पण टॅक्सी तासाभरानंही माळरानातच. पुढे रस्ता खणलेला.

"विमानतळ शहराबाहेर नेलाय, काका," ड्रायव्हर म्हणाला.

"मग तिकिटावर शहराचं नाव कशाला टाकतात? फसवणूक आहे ही!"

शहरात शिरले तोच मुलीचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? आईला आत न्यायला आलेत."

त्यानं बाहेर पाहिलं. दुकानं, सिग्नल, पुन्हा दुकानं. एकही दगड नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना.

"येतोय," एवढंच तो म्हणाला.

पोचला तेव्हा दहा चाळीस झाले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मुलगी एकटीच उभी होती.

"दहा मिनिटं झाली, बाबा. सारखं एकच चाललेलं तिचं, कितव्या दगडाला पोचले ते विचार. त्याशिवाय जायलाच तयार नव्हती. शेवटी मी ठोकून दिलं, तीन."

"मग?"

"म्हणाली, आलेच मग. आणि गेली."

हातातली पिशवी खाली ठेवून तो दारापाशी गेला. दार जाड होतं, पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. तरी त्यानं तोंड अगदी फटीजवळ नेलं.

"तीन नाही गं," तो हळूच म्हणाला. "शून्य. शून्याला आलोय."