सर्वप्रथम काय कराल?

समाजकार्याची पदवी घेऊन लोर्ना स्टिडम केंटकीच्या डोंगरांत घरोघर फिरत होती, पण तिचा परवाना अजून कच्चाच होता. पक्क्या परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. या खेपेला नापास झाली तर कच्चाही जाणार आणि तिची माणसं वाऱ्यावर सुटणार. त्यांतला एक ऑर्व्हिल नेपियर. कोळशाच्या खाणीत फुप्फुसं घालवून बसलेला, बायको गेलेली, आणि लोर्नाशिवाय कुणाला दाराशी उभं न करणारा म्हातारा.

लोर्नाची खोड अशी, की प्रश्न वाचला की तिला त्यातला माणूस दिसायचा. माणूस उपाशी दिसला की ती मनातल्या मनात डबा घेऊन निघायची, आणि उत्तर चुकायचं. शेवटी तिची वरिष्ठ कॅन्डेस व्हिटलो हिनं तिला समोर बसवलं.

"हे बघ, परीक्षेतल्या गावात कुणी लोर्ना राहत नाही. तिथं गाडी बंद पडत नाही, दवाखान्यात कायम जागा असते. 'सर्वप्रथम काय कराल' म्हटलं की आधी जीव, मग बाकी सगळं. आणि विचारलंय तेवढंच सांगायचं."

"मग मला येतं काय, हे त्यांना कळणार कसं?"

"त्यांना ते मोजायचंच नाहीये गं. तुझ्या हातून कुणी दगावणार नाही ना, एवढंच बघायचंय."

पर्याय चारही बरे वाटणारे असत. त्यांतला सगळ्यात आधीचा ओळखायचा. वर काही प्रश्न नुसते चाचपणीचे. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कुठले हे कुणाला कळू देत नाहीत. म्हणजे जीव तोडून उत्तर द्यावं आणि ते खिजगणतीतच नसावं. लोर्नाला याचा भारी राग यायचा. तरी तो गिळून ती घोकत राहिली, आणि घोकण्यापायी तिच्या भेटी आखडत गेल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती ऑर्व्हिलकडे उभ्या उभ्या डोकावली. त्यानं घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव भाजला होता. तिला बसायला वेळ नव्हता. ओसरीवर त्याची शिकारी कुत्री दिसली नाही म्हणून तिनं विचारलं.

"बेसी ना? शेजारच्या कॉम्ब्सला देऊन टाकली," तो म्हणाला. "तिची थाळीसुद्धा दिली."

"बरं केलंत. एक कटकट गेली."

तो हसला. "जा बाई, पास होऊन ये. नाहीतर मला छळायला दुसरीच कुणीतरी यायची."

परीक्षा डोंगराखाली शहरात होती. फोन कपाटात कुलूपबंद. परीक्षा संपण्याआधी तो काढला की परीक्षा रद्द, असं दारावरच्या माणसानं बजावलं होतं. लोर्नाचं यंदा छान चाललं होतं. निम्म्याहून अधिक पेपर झाला, आणि संगणकाच्या पडद्यावर पुढचा प्रश्न आला. एकटा राहणारा वृद्ध, पत्नी वारलेली. भेटीत शांत वाटतो. पाळलेला प्राणी शेजाऱ्याला दिल्याचं सांगतो. सर्वप्रथम काय कराल?

तिचा हात थांबला. ती याच डोंगरातली. इथला माणूस शिकारी कुत्री एक वेळ उसनी देईल, पण थाळी घरीच ठेवतो, कारण कुत्री परत यायची असते. थाळी दिली म्हणजे तिनं परतायचं नाही. हे इथं पोराटोरांना कळतं, आणि काल तिला कळलं नव्हतं.

उठावं तर परवाना गेला. मग त्याच्याकडे जाणार तरी कोण? शिवाय काल तो हसला होता, रांधून खात होता. थोडाच वेळ तर राहिलाय. तिनं स्वतःची समजूत घातली, आणि ती खोटी आहे हे घालतानाच तिला ठाऊक होतं. तिनं तिसरा पर्याय निवडला: जीव देण्याचा विचार मनात आहे का, हे थेट आणि ताबडतोब विचारावे. मग पुढचा प्रश्न उघडला.

पेपर संपताच पडद्यावर निकाल आला. ती पास झाली. निकालाचा कागद तिनं वाचलासुद्धा नाही, फोन काढून ऑर्व्हिलला लावला. उचलला कॉम्ब्सनं.

"बाई, सावकाश ऐका," तो म्हणाला. "तो गेला. बंदुकीचा बार ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणी शिकारीला आलंय. मग बेसी दोरी तोडून इकडं पळाली, म्हणून मी मागं आलो."

"केव्हा?"

"झाला असंल तासभर. सकाळी मला म्हणाला होता, आज बाईचा पेपर आहे, कशापायीबी तिला फोन करू नको." मग त्यानं विचारलं, "झालात का पास?"

"झाले," लोर्ना म्हणाली.

उत्तर तिला आलं होतं. तासाभरापूर्वीच आलं होतं, आणि तरी ती खुर्चीतून उठली नव्हती.